अमेरिकेची अध्यक्षीय पद्धती आणि महाराष्ट्रातील थेट निवडणुका : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

नोव्हेंबर १९४८ चा पहिला आठवडा इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. २ नोव्हेंबर रोजी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. हॅरी ट्रूमन पराभूत होणार, असे तेथील वृत्तपत्रे व मतचाचण्या घेणाऱ्या संस्था छातीठोकपणे सांगत होत्या. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने तर ट्रूमन यांचे प्रतिस्पर्धी ड्यूई विजयी झाल्याचा मथळा छापूनही टाकला. प्रत्यक्षात ट्रूमन निवडून आले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ४ नोव्हेंबर रोजी, दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेपुढे घटनेचा मसुदा विचारार्थ मांडला आणि त्या प्रसंगीच्या भाषणात अमेरिकेची अध्यक्षीय पद्धती व इंग्लंडची संसदीय पद्धती यांची तुलना केली. याच सुमारास आपला मराठवाडा निजामी राजवटीतून नुकताच मुक्त झाला होता. १७ सप्टेंबर १९४८ ला दीड महिना उलटला होता आणि हैदराबाद राज्यात जनरल जे. एन. चौधरी यांचे लष्करी प्रशासन सुरू होते. त्याच वर्षी ३० जानेवारीला ज्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर धाड घातली, त्या उमरीतील सामान्य माणसाने प्रौढ मताधिकाराने अद्याप एकदाही मतदान केलेले नव्हते. ते भाग्य त्याला १९५२ साली लाभले.

एका आठवड्यातील या तीन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु राज्यकर्ता कोणी निवडायचा आणि निवडलेल्या राज्यकर्त्याला जाब कोणी विचारायचा, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी एकच होता. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांकडे आपले लक्ष दर चार वर्षांनी वेधले जाते. तेव्हा आपली वृत्तपत्रे प्रामुख्याने दोन गोष्टी छापतात : कोण जिंकणार, आणि त्यात ‘आपला माणूस’ कोण. तेथील पद्धतीचे गुणदोष हा विषय मागे पडतो. वस्तुतः या पद्धतीविषयी मराठी माणसाने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ विचार केला आहे आणि महाराष्ट्रात तिचे एक छोटे रूप नगरपरिषदांच्या पातळीवर अनेकदा आणले गेले, अनेकदा रद्दही झाले. प्रस्तुत लेखात या वाटचालीची चिकित्सा केली आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, अमेरिकेकडून आपण अध्यक्षीय प्रचार उचलला. त्या पद्धतीतील अध्यक्षाला आवर घालणाऱ्या तरतुदी मात्र घेतल्या नाहीत.

मराठी नजरेतील अमेरिका :

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे सर्वश्रुत आहे. पुढे काय घडले याची चर्चा मात्र आपल्याकडे क्वचितच होते. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास मनाई झाली होती. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वादग्रस्त ठरला. त्या वादावर पडदा पडला तो १८७७ च्या राजकीय तडजोडीने. रदरफर्ड हेस यांना अध्यक्षपद मिळाले आणि दक्षिणेतील राज्यांत उरलेल्या संघीय फौजांचे संरक्षण काढून घेण्यात आले. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचा मताधिकार त्यानंतर टप्प्याटप्प्याने जवळपास संपुष्टात आला. म्हणजे जोतीरावांनी ज्या मुक्तीचा गौरव केला, तिचा मोठा भाग अवघ्या चार वर्षांत अध्यक्षपदाच्या सौद्यात गेला. अध्यक्ष एकच असतो, त्याचे पद वाटून घेता येत नाही. म्हणून सौदा करायची वेळ आली की दुसरेच काहीतरी विकले जाते. अध्यक्षीय पद्धतीच्या या अंगाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत राहिल्या. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या त्यांच्या ग्रंथात तेथील राज्यव्यवस्थेचे आणि स्त्रियांच्या स्थितीचे स्वतंत्र विवेचन आहे. त्या तेथे असतानाच १८८८ ची अध्यक्षीय निवडणूक झाली. विद्यमान अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना देशभरात सुमारे नव्वद हजार मते अधिक पडली, तरी निर्वाचक मंडळात २३३ विरुद्ध १६८ अशा फरकाने बेंजामिन हॅरिसन अध्यक्ष झाले. या निवडणुकीत बेल्वा लॉकवूड या महिला वकील अध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. मात्र देशातील बहुतेक सर्व राज्यांत स्त्रियांना त्यांच्यासाठी मत देण्याचा अधिकार नव्हता. तो संपूर्ण देशात १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने मिळाला. रमाबाईंचा ज्यांच्याशी निकटचा संबंध आला त्या फ्रान्सिस विलर्ड यांची मद्यपानविरोधी स्त्री-संघटना मताचा अधिकार नसतानाही राजकारणात उतरली होती. मताशिवाय राजकारण कसे करावे, हे रमाबाईंनी जवळून पाहिले. अमेरिकेविषयी त्यांना मोठा आदर होता, तथापि त्यांच्या ग्रंथात तेथील वर्णद्वेषावर आणि मूलनिवासी लोकांवरील अन्यायावर टीकाही आहे. ‘अमेरिका म्हणजे स्वर्ग’ किंवा ‘अमेरिका म्हणजे शत्रू’ या दोन टोकांत हेलकावणाऱ्या आजच्या लेखनाच्या तुलनेत ही दृष्टी अधिक प्रगल्भ वाटते.

डॉ. आंबेडकरांच्या दोन भूमिका :

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. अध्यक्षपदावर वुड्रो विल्सन होते. विल्सन स्वतः राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १८८५ साली त्यांनी आपल्या पहिल्याच ग्रंथात अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांच्या कारभारावर टीका करून ब्रिटिश मंत्रिमंडळ पद्धतीकडे कल दाखवला होता. याच विल्सन यांच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कार्यालयांत गोरे व कृष्णवर्णीय कर्मचारी वेगळे बसवण्याचे धोरण राबवले गेले. लोकशाही पद्धतीने निवडून आलेला, विद्वान, सुधारणावादी म्हणून गाजलेला अध्यक्ष अल्पसंख्याकांच्या बाबतीत काय करू शकतो, याचे हे उदाहरण होय. कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाशी असलेले नाते आंबेडकरांनी पुढेही जपले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, तो याच आस्थेतून.

या पार्श्वभूमीवर १९४७ चे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन वाचले पाहिजे. अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने सादर केलेल्या या निवेदनात आंबेडकरांनी ब्रिटिश धर्तीचे मंत्रिमंडळ भारतासाठी नाकारले. त्यांचा मुद्दा असा की, इंग्लंडमध्ये बहुमत हे राजकीय मताचे असते, ते बदलू शकते. भारतात बहुमत जन्माने ठरते आणि म्हणून ते कायमचे असते. अशा देशात बहुमताच्या पक्षाने आपल्या मर्जीचे मंत्रिमंडळ बनवले, तर अल्पसंख्याक कायमचे बाहेर राहतील. यावर उपाय म्हणून त्यांनी विधिमंडळाच्या मुदतीपर्यंत न हटवता येणारे कार्यकारी मंडळ सुचवले. पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडावा. मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी मात्र त्या त्या समाजाच्या सदस्यांनीच निवडावेत, अशी त्यांची योजना होती. निश्चित मुदतीचे कार्यकारी मंडळ हे अमेरिकी पद्धतीचे लक्षण. ते आंबेडकरांनी घेतले; एकच व्यक्ती संपूर्ण राष्ट्राने निवडावी, हे दुसरे लक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. हा फरक लक्षात न घेता ‘बाबासाहेब अध्यक्षीय पद्धतीचे समर्थक होते’ असे विधान करणे हे अर्धसत्य आहे.

वर्षदीड वर्षात चित्र पालटले. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने आंबेडकरांनी संसदीय पद्धतीचे समर्थन केले. लोकशाहीतील कार्यकारी मंडळाने स्थिरता व जबाबदारी या दोन कसोट्यांना उतरावे लागते आणि दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धती आजवर कोणाला सापडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकी पद्धतीत स्थिरता अधिक, जबाबदारी कमी. ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक, स्थिरता कमी. अमेरिकेत कार्यकारी मंडळाचे मूल्यमापन ठरावीक मुदतीने होते. संसदीय पद्धतीत ते दररोज होते : प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव, तहकुबी सूचना, अभिभाषणावरील चर्चा या मार्गांनी, आणि शिवाय मुदतीने मतदारांकडूनही होते. भारतासाठी मसुद्याने स्थिरतेपेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व दिले, असे त्यांनी स्पष्ट केले. डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शाह यांनी अमेरिकी धर्तीवर सत्तेच्या काटेकोर विभाजनाची सूचना मांडली, तेव्हाही आंबेडकरांनी तिला विरोध केला. खुद्द अमेरिकेतच या काटेकोर विभाजनाविषयी असमाधान आहे, याकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले.

काही अभ्यासक या दोन भूमिकांत विसंगती पाहतात. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. १९४७ मध्ये आंबेडकर एका वंचित समाजाचे प्रतिनिधी म्हणून ‘सत्तेत कोण असेल’ हे विचारत होते. १९४८ मध्ये घटनेचे शिल्पकार म्हणून ‘सत्तेतील माणसाला रोज जाब कोण विचारील’ हे विचारत होते. दुसरा प्रश्न त्यांनी सोडवला. पहिला प्रश्न त्यांच्या मनासारखा सुटला नाही, एवढेच.

अमेरिकेचा अनुभव :

आंबेडकरांच्या निकषावर अमेरिकेचा इतिहास तपासला असता काय दिसते? आजवर एकाही अमेरिकी अध्यक्षाला महाभियोगाद्वारे पदच्युत करता आलेले नाही. अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये एका मताने वाचले. बिल क्लिंटन १९९९ मध्ये निर्दोष ठरले. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ व २०२१ असा दोनदा महाभियोग चालला. दोन्ही वेळा सिनेटने त्यांना दोषी ठरवले नाही. रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला, परंतु तोही महाभियोगाचा ठराव प्रतिनिधिगृहात संमत होण्यापूर्वी. ६ जानेवारी २०२१ रोजी संसद भवनावर जमावाने हल्ला केल्यानंतरही अध्यक्षाची मुदत दिनदर्शिकेप्रमाणेच संपली. येथे एक मराठी धागा आहे. बेळगाव परिसरातून शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेले श्री ठाणेदार हे मिशिगन राज्यातून २०२२ साली प्रतिनिधिगृहावर निवडून आले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाचे ठराव मांडले. ते मतदानापर्यंत पोहोचले नाहीत. आपल्या वृत्तपत्रांनी ठाणेदारांचे मराठीपण कौतुकाने छापले. एखाद्या सदस्याला सरकार प्रमुखाला जाब विचारायचा असेल तर महाभियोगासारखे अवजड शस्त्रच उचलावे लागते, हा मुद्दा कोणाच्या लक्षात आला नाही.

दुसरी बाजूही नोंदवणे न्यायाचे होईल. अमेरिकी काँग्रेसचा सदस्य पक्षादेशाच्या दाव्याला बांधलेला नाही. विरोधात मत दिले म्हणून त्याचे सदस्यत्व जात नाही. अध्यक्षाने नेमलेले मंत्री, न्यायाधीश यांना सिनेटची संमती लागते. तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडे असतात. अध्यक्ष व काँग्रेस यांत तेढ आली की सरकारी कामकाज बंद पडते. २०१८-१९ मध्ये ते ३५ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस अंशतः बंद होते. हे नुकसानकारक आहे खरे, पण त्यातून अध्यक्षाला एक खरीखुरी मर्यादा पडते. याउलट आपल्याकडे १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आल्यापासून सदस्य पक्षादेशाचा बंदा झाला आहे आणि आंबेडकरांना अभिप्रेत असलेले दैनंदिन मूल्यमापन पुष्कळसे औपचारिक उरले आहे.

याचा पुरावा शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोकराव चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. त्यांपैकी एकाचीही कारकीर्द विधानसभेत अविश्वास ठराव संमत होऊन संपली नाही. शंकररावांचे पद १९७७ मध्ये लोकसभेतील पक्षाच्या पराभवानंतर गेले. १९८८ मध्ये ते केंद्रात गेले. निलंगेकर १९८६ मध्ये न्यायालयीन निर्णयानंतर पायउतार झाले. विलासरावांना २००३ मध्ये पक्षश्रेष्ठींनी बदलले आणि २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्यानंतर त्यांनी राजीनामा दिला. अशोकरावांनी २०१० मध्ये आदर्श प्रकरणातील आरोपांनंतर पद सोडले. प्रत्येक वेळी निर्णय दिल्लीत झाला. जबाबदारी होती, पण ती सभागृहापाशी नव्हती. संसदीय पद्धतीचे समर्थन करताना ही वस्तुस्थिती लपवण्यात अर्थ नाही.

अंतुले, साठे आणि अध्यक्षीय पद्धतीचा आग्रह :

भारतात अध्यक्षीय पद्धती आणावी हा विचार पुन्हा पुन्हा डोके वर काढत आला, त्यात दोन मराठी नेत्यांचा वाटा मोठा आहे. १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात घटनेचा नव्याने विचार करण्याविषयीचे एक टिपण राजकीय वर्तुळात फिरले. त्यात बलवान अध्यक्षाची कल्पना होती. या टिपणामागे बॅ. अ. र. अंतुले होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. टिपणावर इतकी टीका झाली की १९७६ च्या स्वर्णसिंग समितीने संसदीय पद्धतीच कायम ठेवण्याची शिफारस केली. पुढे १९८० च्या दशकात वसंतराव साठे यांनी या प्रश्नावर खुल्या चर्चेचा आग्रह धरला आणि ‘टू स्वोर्ड्स इन वन स्कॅबर्ड’ या इंग्रजी ग्रंथात अध्यक्षीय पद्धतीची बाजू मांडली. ग्रंथाचे नाव म्हणजे आपलीच म्हण : एका म्यानात दोन तलवारी.

साठे यांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. परंतु या चर्चेचा काळ पाहिला तर एक गोष्ट खटकते. १९७१ ची लोकसभा निवडणूक ‘गरिबी हटाओ’च्या घोषणेवर, एका नेत्याच्या नावावर लढवली गेली, प्रचार अध्यक्षीय झाला, पद्धती संसदीय राहिली. त्यानंतर अध्यक्षीय पद्धतीची मागणी प्रामुख्याने सत्ताधारी पक्षातूनच आणि त्याचा नेता बलवान असतानाच पुढे आली. अमेरिकेच्या घटनाकारांनी अध्यक्षाची योजना केली तेव्हा त्याला आवर कसा घालावा याचीच चिंता त्यांना अधिक होती. आपल्याकडे आग्रह धरणाऱ्यांना चिंता होती ती नेत्याला मोकळीक कशी मिळेल याची. एकच नाव धारण करणाऱ्या या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत.

थेट नगराध्यक्ष :

राष्ट्राच्या पातळीवर जे घडले नाही ते महाराष्ट्राने गावपातळीवर करून पाहिले. महाराष्ट्रात १९७४ साली नगराध्यक्षांची निवडणूक थेट जनतेतून झाली. नंतर ती पद्धत मागे पडून नगरसेवकांतून नगराध्यक्ष निवडला जाऊ लागला. २००१ मध्ये, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, थेट निवड पुन्हा आली. बाभळगावच्या सरपंचपदापासून सुरुवात केलेल्या या नेत्याला स्थानिक राजकारणाची नस ठाऊक होती. तरीही त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत, २००६ च्या सुमारास, हा निर्णय मागे घेण्यात आला. २०१६ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने थेट निवड तिसऱ्यांदा आणली. त्या वेळच्या निवडणुकांत सर्वाधिक नगराध्यक्ष भारतीय जनता पक्षाचे आले. २०१७ मध्ये सरपंचही थेट निवडले जाऊ लागले. २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने दोन्ही तरतुदी रद्द केल्या. जुलै २०२२ मध्ये सत्तांतर झाल्यावर पहिल्या काही निर्णयांतच दोन्ही परत आल्या.

असे होऊ शकते, कारण १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगराध्यक्ष निवडण्याची रीत ठरवणे राज्य विधिमंडळाकडे सोपवले आहे. साध्या बहुमताने, प्रसंगी अध्यादेशानेही, ती बदलता येते. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. निर्वाचक मंडळाची मूळ चौकट १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीनंतर तशीच आहे. १८८८ प्रमाणेच २००० मध्ये आणि २०१६ मध्ये कमी मते मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. २००० मध्ये तर फ्लोरिडातील ५३७ मतांच्या फरकावर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयावर देशाचे अध्यक्षपद ठरले. तरीही नियम बदलला नाही. नियमाचा असा ताठरपणा लोकशाहीला मारक ठरू शकतो. पण खेळाचा नियम दर सत्तांतराला बदलणे हा ताठरपणापेक्षा मोठा दोष आहे. नियम बदलणारा पक्ष प्रत्येक वेळी तत्त्वाची भाषा बोलतो आणि हिशेब मात्र पुढच्या निवडणुकीचा करतो, असे कटुपणाने म्हणावे लागते. थेट निवडीमुळे नगरसेवकांचा घोडेबाजार थांबतो, सहलींच्या नावाखाली त्यांना हॉटेलात कोंडून ठेवण्याचे प्रकार बंद होतात, हा युक्तिवाद खरा आहे. त्याची किंमत मात्र कोणी सांगत नाही.

ती किंमत अशी : नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि नगरसेवकांचे बहुमत दुसऱ्या पक्षाचे, ही स्थिती थेट निवडीत सहज उद्भवते. एका म्यानात दोन तलवारी त्या इथेच. अमेरिकेत असे घडले तर दोन्ही बाजूंकडे निश्चित घटनात्मक अधिकार असतात, त्यामुळे संघर्षालाही एक आकार असतो. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार चालणाऱ्या आपल्या संस्थेत मात्र दैनंदिन कार्यकारी अधिकारांचा मोठा भाग मुख्याधिकाऱ्याकडे असतो आणि मुख्याधिकारी हा राज्य शासनाचा अधिकारी आहे. त्याची नेमणूक नगराध्यक्ष करत नाही, त्याची बदली नगराध्यक्षाच्या हाती नाही. निधीचा मोठा वाटाही शासनाकडूनच येतो. म्हणजे संपूर्ण शहराचे मत मागून, स्वतःच्या नावाने व चेहऱ्याने प्रचार करून निवडून आलेला माणूस सभागृहाच्या बहुमतापुढे आणि अधिकाऱ्याच्या टिपणीपुढे अडून बसतो. तो जर मंत्रालयातील सत्ताधारी पक्षाचा असेल तर त्याचे काम पुढे सरकते. नसेल तर नाही. अध्यक्षाचे स्वातंत्र्य त्याला मिळत नाही, आणि प्रतिनिधीची जबाबदारीही त्याच्यावर नीट येत नाही. मतदाराने पाण्याबद्दल विचारले तर नगराध्यक्ष सभागृहाकडे बोट दाखवतो, सभागृह मुख्याधिकाऱ्याकडे, आणि मुख्याधिकारी शासन निर्णयाकडे.

राखीव पद आणि बहुमताची निवड :

या चर्चेत आणखी एक प्रश्न आहे. त्याकडे आपल्या विद्यापीठीय लेखनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. नगराध्यक्षपद अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नागरिकांचा मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी आळीपाळीने राखीव असते, सोडत निघते. अमेरिकेत अध्यक्षपदाला असे आरक्षण नाही. तेथे १९७२ मध्ये शर्ली चिशम आणि १९८४ व १९८८ मध्ये जेसी जॅक्सन यांनी पक्षाची उमेदवारी मागितली. ती त्यांना मिळाली नाही. २००८ मध्ये बराक ओबामा निवडून आले. ते बहुसंख्य गोऱ्या मतदारांच्या देशात संपूर्ण देशाची मते मिळवून आले म्हणून त्यांच्या विजयाचे मोल मोठे मानले गेले. त्याच कारणाने कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवर त्यांना जपून बोलावे लागले, अशी टीकाही झाली.

आपल्याकडील राखीव नगराध्यक्षाला हाच पेच वेगळ्या रूपात भेटतो. पद अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, परंतु निवडणार संपूर्ण शहर. त्या जातीतील कोणता उमेदवार नगराध्यक्ष व्हावा, हे त्या जातीची मते ठरवत नाहीत. इतर समाजांची बहुसंख्या ठरवते. बहुसंख्येला चालेल, न डिवचेल असा उमेदवार पक्ष शोधतात. १९३२ च्या पुणे करारानंतर आंबेडकरांना ज्या गोष्टीची खंत राहिली आणि १९४७ च्या निवेदनात ज्या गोष्टीवर त्यांनी उपाय सुचवला, ती नेमकी हीच होती. नगरसेवकांतून निवड झाली तरी हा दोष राहतोच. फरक इतकाच की, तेथे प्रभागातून आलेले काही नगरसेवक एकत्र येऊन वाटाघाटी तरी करू शकतात. थेट निवडीत वाटाघाटीची ती जागाही आक्रसते. महिला राखीव पदावर पतीच प्रचार करतो आणि पुढे पतीच कारभार पाहतो, हा अनुभव आपल्या भागात नवा नाही. फलकावर तिच्या छायाचित्रापेक्षा त्याचे छायाचित्र मोठे असते. याच्या दुसऱ्या टोकाला अशाही स्त्रिया आहेत की ज्यांनी थेट निवडीतून मिळालेल्या संपूर्ण शहराच्या मताचा आधार घेऊन पक्षातील पुरुष पुढाऱ्यांना ठणकावून उत्तर दिले. नगरसेवकांच्या मर्जीवर अवलंबून राहिल्या असत्या तर ते त्यांना शक्य झाले नसते. म्हणून थेट निवड सर्वस्वी वाईट, असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. परंतु ज्या समाजासाठी पद राखीव आहे त्या समाजाच्या मतांना त्या निवडीत काही विशेष वजन असावे की नाही, हा १९४७ चा प्रश्न आपण विचारण्याचेही सोडून दिले आहे. दर खेपेस चर्चा होते ती फक्त ‘थेट की अप्रत्यक्ष’ एवढीच.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका बऱ्याच वर्षांच्या खोळंब्यानंतर झाल्या. निवडणूक कर्तव्यावर जाणाऱ्या आपणा प्राध्यापक मंडळींना त्यातील तपशील सांगण्याची आवश्यकता नाही. नगरपरिषदेच्या मतदाराला प्रभागातील नगरसेवकांसाठी मत द्यायचे असते आणि नगराध्यक्षासाठी निराळे. एका बटनानंतर वृद्ध मतदार वळून विचारतात, झाले का? अजून आहे, असे सांगावे लागते. प्रचाराच्या गाड्यांवरून मात्र शेवटच्या दिवसापर्यंत एकच नाव मोठ्या आवाजात ऐकू येत असते, आणि ते नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराचे असते. प्रभागातील उमेदवाराचे नाव त्या गलक्यात हरवते. पुढील पाच वर्षे सभागृहात हात वर करणारा, अंदाजपत्रक मंजूर किंवा नामंजूर करणारा आणि नगराध्यक्षाला प्रश्न विचारू शकणारा माणूस मात्र तोच असतो.